डावा गाल

अठ्ठेचाळीस वर्षं वस्तऱ्यांची पोटं आत नेली मी,
झोलिंगेनला, वुपर नदीच्या वळणावरच्या शेडमध्ये.
दोन ओल्या चाकांमधून पातं न्यायचं,
कागदाइतकं झालं की थांबायचं,
मग नखानं टिचकी, आणि कान.
गायलं तर डब्यात,
मुकं राहिलं तर भंगारात.

स्वतःची दाढी मात्र विजेच्या यंत्रानं,
रेडिओवर नद्यांची पातळी सांगून होईस्तोवर.
कुणी विचारलं तर म्हणायचो, वेळ कुठंय.
खरं म्हणजे, धार काय चीज आहे
हे ज्याला माहीत असतं
तो तिला गळ्यापाशी बोलावत नाही.

मग मार्चमध्ये, चर्चमागच्या जुन्या बाजारात,
चमचे आणि कुणाच्या तरी पदकांच्या खोक्यात
हा सापडला. अकरा युरो.
शेपटावर ठोकलेला आकडा: एक्केचाळीस.
एक्केचाळीस म्हणजे मी.
गुंडुला म्हणाली, आणलायस तर वापर,
ड्रॉवरमध्ये सुऱ्या काय कमी आहेत?

कोपऱ्यावरचा न्हावी नेजाती, माझ्या निम्म्या वयाचा,
त्यानं महिनाभर नुसता पट्टा ओढायला लावला.
"पाठीवर उलटा, काका, धारेवर नाही."
पहिल्याच दिवशी मी चामडं कापलं.
अठ्ठेचाळीस वर्षं!
तो हसला नाही, चहा मागवला.
ते जास्त लागलं.

"सुरुवातीला फक्त डावा गाल," तो म्हणाला,
"उरलेलं यंत्रानं. लाज वाटून घेऊ नका."

गरम पाण्यातला टॉवेल. फेस.
कानाजवळची कातडी वर ओढायची,
पातं असं धरायचं की पाठ आणि गाल यांच्यामध्ये
त्या पाठीच्याच दोन जाड्या मावतील.
आरशातला म्हातारा डावखुरा,
कोपर कुठं ठेवावं दोघांनाही कळेना.
दाराबाहेरून गुंडुला: जिवंत आहेस?
बोलायला लावू नकोस, मी म्हणालो,
आणि बोललो म्हणून कापलं.
तुरटी. शिवी. पुन्हा फेस.

तीन आठवडे एका गालाचा माणूस होतो.
बेकरीतली बाई आधी या बाजूनं बघायची, मग त्या.

जबड्याखाली मात्र रोज एकाच जागी अडायचं,
पात्याच्या मुठीकडच्या टोकापासून बोटभर.
केस कापायचं नाही, ओढायचं.
हात चुकतोय, नेजाती म्हणाला.
मीही तेच म्हणालो.
मग एका रविवारी खिडकीशी नेऊन तिरपं धरलं.
पोटात एक बारीक लाट,
चाक थरथरलं की उठते तशी.
नोव्हेंबर असणार. सोमवार असणार.
टिचकी मारली. गातो,
पण शेवटचा सूर खरखरतो.
हे मी तेव्हाही ऐकलं होतं.
ऐकलं होतं, आणि डब्यात ठेवलं होतं.

केसानं गळा कापतात म्हणे.
मी पोलादानं, पगारी,
कुणाचा ते न विचारता.

उजेडात आणखी एक दिसलं.
लाटेच्या पुढं, टोकापर्यंत, धार झिजलेली,
मागं जवळजवळ कोरी.
कुणी एक माणूस, नाव नाही, गाव नाही,
किती वर्षं रोज सकाळी
माझी चूक टाळून दाढी करत होता,
मनगट जरा आत वळवून.
झीज बघितली की कळतं, केवढं वळवून.

मी तेवढं वळवलं.
मान वर. श्वास सोडला, परत घेतला नाही.
जबड्याच्या कडेवरून खाली, गळ्याच्या घाटीपर्यंत
पातं गेलं, शिळ्या पावाची कड
कुणी शेजारच्या खोलीत कुरतडावी तसा आवाज करत.

दाराबाहेर गुंडुला काही बोलली नाही.
उभी होती, एवढं कळलं.

उजवा गाल उद्या.